विश्लेषण : ६१७४ शोधणाऱ्या कापरेकर मास्तरांना गणितवालेच का हसत होते?

शहापूर असो की मुरबाड, शाळेत एखाद्या पोराचा हात प्रत्येक प्रश्नाला सगळ्यांच्या आधी वर जातो. पहिले दोन-चार महिने सर खूश असतात. मग मागच्या बाकांवरून आवाज सुरू होतात. ‘लय शाना’, ‘स्कॉलर’, ‘सरांचा चमचा’. मुलगी असेल तर ‘मॅडमची लाडकी’. वर्ष संपेपर्यंत तो हात खाली आलेला असतो. उत्तर येत असलं तरी गप्प बसलेलं बरं, हे मुलं फार लवकर शिकतात.

मराठीनं या चिडवण्याची सोय आधीच करून ठेवली आहे. ‘शहाणा’ हा शब्द आपण कौतुकापेक्षा टोमण्यासाठीच जास्त वापरतो. अतिशहाण्याचा बैल रिकामा, ही म्हण तर शाळेत न गेलेल्यालाही पाठ असते.

याच जुन्या ठाणे जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाला हा अनुभव शाळेत नाही, तर मोठेपणी आला. आणि तो मागच्या बाकावरच्या पोरांकडून नाही, गणित शिकलेल्या मोठ्या लोकांकडून आला. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. आज त्यांच्या नावाच्या संख्या जगभरात ओळखल्या जातात. त्यांच्या हयातीत मात्र अनेक भारतीय गणितज्ञांच्या लेखी ते आकड्यांशी खेळणारे एक शाळामास्तर होते.

कापरेकर कोण होते?

१७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूत त्यांचा जन्म झाला. डहाणू आज पालघर जिल्ह्यात आहे, पण पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. कापरेकरांच्या काळात डहाणू, शहापूर, मुरबाड हे सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं.

ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायची म्हणजे बेरीज-वजाबाकी, भागाकार, अंश-कला यांचा ढीग उपसावा लागतो. भविष्य खरं ठरो न ठरो, मुलाला हिशेबाची गोडी लागली ती घरातूनच. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं. तिथे हा मुलगा तासन् तास गणिती कोडी सोडवत बसायचा.

पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. १९२७ मध्ये, विद्यार्थी असतानाच, त्यांना स्वतंत्र गणिती कामासाठी रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं. परांजपे म्हणजे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले पहिले भारतीय. त्या काळात पुण्यात गणित शिकणाऱ्या मुलासाठी हा मान छोटा नव्हता. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली.

इथे शिक्षण थांबलं. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, परदेश नाही. १९३० मध्ये ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिक्षक झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले. एकूण ३२ वर्षं.

डोंबिवलीचा यात काय संबंध?

कॉलेजात जाण्याआधी-नंतरच्या वर्षांत कापरेकरांना एका प्रकारच्या संख्यांनी पछाडलं. त्यांना त्यांनी नाव दिलं ‘डेम्लो’. हे नाव ना ग्रीक आहे ना संस्कृत. ते रेल्वे स्टेशनचं आहे. जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या ज्या स्टेशनात ही कल्पना त्यांना सुचली, ते आजचं डोंबिवली. शास्त्रज्ञ सहसा संख्यांना आपलं किंवा आपल्या गुरूचं नाव देतात. यांनी लोकलचं स्टेशन दिलं.

डेम्लो संख्यांमधल्या सगळ्यात देखण्या अशा : १ चा वर्ग १. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. आकडे एक-एक पायरी चढतात आणि तसेच उतरतात. या संख्यांवरचा त्यांचा लेख १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या भारतीय नियतकालिकात आला होता. म्हणजे दारं अगदीच बंद होती असं नाही.

डोंबिवलीहून देवळालीला जाणारी गाडी कल्याण, टिटवाळा करत वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा असा अख्खा शहापूर तालुका ओलांडून घाट चढते. आज याच मार्गानं आसनगाव-कसाऱ्याची मुलं पहाटेची लोकल पकडून कल्याण, उल्हासनगर, ठाण्याच्या कॉलेजांत जातात. मुरबाडच्या मुलांना तेवढीही सोय नाही. त्यांची वाट अजून एसटीची.

६१७४ हे प्रकरण आहे तरी काय?

कापरेकरांचं नाव ज्या शोधामुळे टिकलं तो शोध चौथीतल्या मुलालाही करून बघता येतो. फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडा.

कुठलीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नकोत, एवढीच अट. तिचे अंक मोठ्याकडून छोट्याकडे लावा, मग छोट्याकडून मोठ्याकडे लावा. मोठ्या संख्येतून छोटी वजा करा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच करा.

मुरबाडचा पिन कोड ४२१४०१. त्यातले शेवटचे चार आकडे १४०१ घेऊ.

४११० − ०११४ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ चं तेच केलं तर पुन्हा ७६४१ वजा १४६७, म्हणजे परत ६१७४. गाडी इथे थांबते. शहापूरचा पिन कोड ४२१६०१. त्यातल्या १६०१ पासून सुरुवात केली तर सहाव्या पायरीला ६१७४ येतो. कुठूनही निघा, सात पायऱ्यांच्या आत तुम्ही तिथेच पोहोचता. वाटेत उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य लावून चार अंक पूर्ण करायचे.

तीन अंकी संख्यांसाठी असाच थांबा ४९५ आहे. दोन अंकी संख्यांना मात्र थांबा नाही. त्या ९, ८१, ६३, २७, ४५ अशा चक्रात फिरत राहतात.

असं का होतं?

जादू नाही, शुद्ध बीजगणित आहे. उतरत्या क्रमानं लावलेले चार अंक क, ख, ग, घ मानू. वजाबाकी केली की उत्तर येतं : ९९९ गुणिले (क − घ) अधिक ९० गुणिले (ख − ग). म्हणजे मूळ संख्या काय होती याला महत्त्वच उरत नाही. बाहेरच्या दोन अंकांतला फरक आणि आतल्या दोन अंकांतला फरक, एवढंच टिकतं.

पुढे शून्य लावलेल्या संख्या धरल्या तर सुरुवातीला ९,९९० पर्याय असतात. आतला फरक बाहेरच्या फरकापेक्षा मोठा असू शकत नाही, त्यामुळे पहिल्याच वजाबाकीनंतर फक्त ५४ उत्तरं शक्य राहतात. ती ५४ तपासली की काम झालं. ६१७४ मध्ये बाहेरचा फरक ६ आणि आतला २. गुणून बघा : ५९९४ अधिक १८०.

आज हा प्रोग्रॅम लिहायला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला दहा मिनिटं लागतात. कापरेकरांकडे कागद आणि पेन्सिल होती. हा स्थिरांक त्यांना १९४६ च्या सुमारास सापडला, १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’मध्ये त्यावर लेख आला आणि १९५५ मध्ये तिथेच ६१७४ वर आणखी एक.

मग लोक हसत का होते?

इथे हसणाऱ्यांची बाजूही समजून घ्यायला हवी, कारण ती अगदीच बिनबुडाची नव्हती.

कापरेकरांचं बरंचसं काम संख्येच्या अंकांवर आहे, संख्येवर नाही. हा फरक बारीक पण महत्त्वाचा. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून ६१७४ येतो. माणसाला आठ बोटं असती आणि आपण आठच्या पटीत मोजत असतो, तर हा आकडा इथे नसता. मूळ संख्या, म्हणजे २, ३, ५, ७, ११ या मात्र कुठल्याही पद्धतीत लिहा, मूळच राहतात. म्हणून अंकांच्या गमतीजमती म्हणजे गणित नव्हे, कोड्यांच्या सदराचा माल, असं विद्यापीठातल्या गणितज्ञांचं मत होतं.

हे मत भारतापुरतं नव्हतं. रामानुजनना जगासमोर आणणारे केंब्रिजचे जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये आलेल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात अशाच उदाहरणांवर काट मारली आहे. ८७१२ ही २१७८ ची चौपट आहे, ९८०१ ही १०८९ ची नऊपट आहे, म्हणजे दोन्ही आपल्या उलट्या संख्येच्या पटीत आहेत. वृत्तपत्राच्या कोपऱ्यात शोभणाऱ्या या गोष्टींत गणितज्ञाला घेण्यासारखं काही नाही, असा हार्डींचा सूर होता. १९१३ मध्ये मद्रासच्या एका कारकुनाचं पत्र गांभीर्यानं वाचणारा माणूस हाच, हे लक्षात घेतलं की गंमत वाटते. पण रामानुजन जे करत होते ते आणि कापरेकर जे करत होते ते, ही दोन वेगळी कामं होती. त्यांची तुलना करायची घाई मराठी माणसानंही करू नये.

एखादं काम कमी महत्त्वाचं ठरवणं ही एक गोष्ट, आणि करणाऱ्याला हसण्यावारी नेणं ही दुसरी. कापरेकरांच्या वाट्याला दोन्ही आल्या. त्यांना गांभीर्यानं न घेणारे बरेच होते, उघड हसणारेही होते. डिग्री फक्त बी.एस्सी., हुद्दा शाळामास्तर, गाव देवळाली. गणिताच्या परिषदेत अशा माणसाचा मान किती, याचा अंदाज कुठल्याही जिल्हा परिषद शिक्षकाला बांधता येईल.

मोठ्या नियतकालिकांची दारं बहुतेक वेळा उघडत नसत. मग काही लेख छोट्या मासिकांत आले आणि बरेच त्यांनी स्वतःच छापले. पातळ पुस्तिका, प्रकाशक म्हणून स्वतःचं नाव आणि पत्ता देवळालीचा. खर्च शिक्षकाच्या पगारातून.

त्यांनी सोडून का दिलं नाही?

नाद होता, हे पहिलं आणि बहुधा खरं उत्तर. आकड्यांच्या बाबतीत आपली अवस्था दारूच्या आहारी गेलेल्या माणसासारखी आहे, असं ते स्वतःच कबूल करत. सायकलवरून फिरून शिकवण्या घेत, नदीकाठी बसून संख्यांवर विचार करत.

पण आणखी एक गोष्ट दिसते. त्यांनी आपल्या कामाला मोठेपणाचा मुलामा दिला नाही. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेनं पूर्ण भाग जातो तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. १२ घ्या : १ अधिक २ म्हणजे ३, आणि १२ ला ३ नं भाग जातो. आनंद होतो म्हणून हे करतोय, हे नावातच लिहून टाकल्यावर हसणाऱ्याला हसायला उरतं काय?

दुसऱ्या एका प्रकाराला त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटलं. १५ घ्या आणि त्यात तिचे अंक मिळवा : १५ अधिक १ अधिक ५ म्हणजे २१. म्हणजे २१ ची ‘आई’ १५. पण २० ला अशी आई सापडत नाही. कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून २० येत नाही. १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३ या सगळ्या अशाच, आईविना. आठव्या वर्षी आई गेलेल्या माणसानं या संख्या शोधाव्यात, यावर कुणाला कादंबरी सुचेल. त्या मोहात न पडलेलं बरं.

आणि ज्या संख्यांना आज थेट त्यांचं नाव आहे त्या ‘कापरेकर संख्या’. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज ४५. ५५ चा वर्ग ३०२५, ३० अधिक २५ म्हणजे ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. २०२५ साली मोबाइलवर फिरलेल्या नववर्षाच्या गणिती मेसेजमध्ये हे पहिलं उदाहरण होतं असतं, ते याचमुळे.

दखल कधी घेतली गेली?

उशिरा. १९६२ मध्ये निवृत्ती. १९६६ मध्ये पत्नीचं निधन. पेन्शन इतकं तुटपुंजं होतं की उतारवयात गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या.

मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. हे सदर जगभरचे गणितज्ञ, इंजिनीअर आणि कोडीवेडे वाचत. देवळालीच्या निवृत्त मास्तरांचं नाव त्या एका लेखानं जगभर गेलं. तेव्हा ते ७० वर्षांचे होते. कोड्यांचं सदर म्हणून ज्या जागेला नाकं मुरडली गेली होती, त्याच जागेनं हे केलं.

ज्याला पोरखेळ म्हटलं त्यात इतरांनाही रस होता, हेही याच दशकात दिसलं. कोलंबियाचे बर्नार्डो रेकामान यांनी स्वयंभू संख्यांचा प्रश्न अमेरिकेतल्या गणिताच्या मासिकात मांडला, म्हणून त्यांना ‘कोलंबियन संख्या’ असंही म्हणतात. त्यांचं तिसरं नाव ‘देवळाली संख्या’. १९७७ च्या एका परिषदेत इव्हान निवेन यांनी ज्या संख्यांवर निबंध वाचला त्या ‘निवेन संख्या’ म्हणजे आपल्या हर्षद संख्याच.

१९८६ मध्ये कापरेकर गेले. आज ‘हॅकररँक’वर कोडिंगचा सराव करणाऱ्या मुलांना ‘मॉडिफाइड कापरेकर नंबर्स’ नावाचा प्रश्न सोडवावा लागतो. त्यातल्या किती जणांना हा माणूस कसाऱ्याच्या घाटापलीकडे शाळेत शिकवायचा हे माहीत असतं, कोण जाणे.

शहापूर-मुरबाडच्या शाळेत याचं काय करायचं?

कापरेकरांना हसलं गेलं तेव्हा ते नोकरी असलेले, पारितोषिक मिळालेले मोठे गृहस्थ होते. विशीत परांजपेंच्या नावाची थाप पाठीवर पडली होती. बारा वर्षांच्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. त्यातही घरातली शाळेत जाणारी पहिलीच पिढी असेल, घरी कातकरी किंवा ठाकरी बोली असेल आणि वर्गात पुस्तकी मराठीत उत्तर दिलं, तर टोमणा दुप्पट लागतो : हा आता आपल्यातला राहिला नाही.

किंमत पैशातही मोजता येते. आठवीतली राष्ट्रीय दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा निघाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. स्कॉलरशिप परीक्षा आहे, नवोदय आहे. ‘स्कॉलर’ म्हणवून घ्यायला नको म्हणून फॉर्मच न भरणारं मूल हे सगळं गमावतं, आणि त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये होत नाही.

दोष फक्त पोरांचा नाही. भर वर्गात एकाला उभं करून बाकीच्यांना त्याच्याकडून शिका म्हणून सांगणारे शिक्षक आणि शेजारच्या मुलाचे मार्क रोज ताटावर वाढणारे पालक, हे चिडवणाऱ्यांना दारूगोळा पुरवतात. हुशारी एकाची मालमत्ता झाली की बाकीच्यांना तिच्यावर दगड मारण्यापलीकडे काम उरत नाही.

६१७४ मध्ये ही अडचण येत नाही. तो वर्गात सगळ्यांना एकाच वेळी करता येतो, आणि पहिल्या नंबरवाल्यालाही शेवटच्या बाकावरच्यापेक्षा जास्त पायऱ्या लागू शकतात. प्रत्येकानं आपल्या जन्माची तारीख आणि महिना घ्यायचा, चार अंक करायचे आणि वजाबाकी सुरू करायची. कापरेकरांची स्वतःची तारीख १७ जानेवारी, म्हणजे १७०१ : ६९९३, ६२६४, ४१७६ आणि चौथ्या पायरीला ६१७४. वर्गात कुणाचा वाढदिवस ११ नोव्हेंबरला असेल तर त्याला मात्र शेजाऱ्याची तारीख उसनी घ्यावी लागेल, कारण ११११ मधून ११११ गेले की शून्यच उरतो.